काकांसाठी अंड्याचं सूप

नागपूर,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास की काका संध्याकाळी पोळीला हात लावत नाहीत, पण कोपऱ्यावरच्या चायनीजवाल्याकडून अंड्याचं सूप आणलं की वाटीभर आवडीने पितात. आणि ते घरी पोचेपर्यंत एकतर खळीसारखं घट्ट झालेलं असतं, नाहीतर खाली पाणी आणि वर अंड्याचा चोथा. तेव्हा मी घाईत काहीबाही सांगितलं. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. काकांच्या पोटात दिवसभरात जे थोडंफार जातं, त्यातलं हे एक. ते नीट व्हायलाच पाहिजे. म्हणून बसून लिहितो आहे, आणि लांबलं तर लांबू दे.

इकडे थंडी मस्त पडली आहे. रात्री पारा १० च्या खाली उतरून राहिला. अधिवेशन सुरू असल्यामुळे सिव्हिल लाइन्सकडे जायची सोय नाही, जागोजागी रस्ते अडवलेले. त्यामुळे संध्याकाळी घरीच असतो आणि आमच्याकडे सूप वरचेवर होतं.

आता मुद्द्याचं. तू म्हणालास, "तो काय सॉस घालतो ते सांग, तेच आणतो." दिलीप, या सुपात सॉसचं काही काम नाही. बाटल्या आणायला जाऊ नकोस. हे सूप दोन गोष्टींवर उभं असतं: खालचं पाणी कशाचं आहे, आणि कशानंतर काय घातलं. चायनीजचे इतर पदार्थ सॉसवर तरतात हे खरं. आपल्याकडे जे चायनीज आपण खातो ते मुळात कलकत्त्याच्या चिनी वस्तीतून, टांगऱ्याच्या हाक्का लोकांकडून पसरत आलं आणि वाटेत आपल्या जिभेप्रमाणे लसूण, हिरवी मिरची, काळा सोया सॉस यांनी भरत गेलं. चिकन मंचुरियन तर मुंबईतलंच, १९७५ च्या सुमाराचं, नेल्सन वांग यांच्या नावावर आहे. ते सगळं मला आवडतं. पण अंड्याचं सूप त्या घराण्यातलं नाही. चीनमध्ये ते घरोघरी रोजच्या जेवणात करतात, आणि ते साधंच राहिलं आहे.

बजाजनगरच्या ठेल्यावर आपण उभे राहायचो ते आठव. तो नेपाळी पोरगा डाव्या हाताने कॉर्नफ्लोअरचं पाणी ओतायचा आणि उजव्या हातातला डाव थांबू द्यायचा नाही. तू बोलण्यात गुंग असायचास, मी त्याचा हात पाहत राहायचो. पाणी घातल्या घातल्या सूप गढूळ, पांढुरकं दिसायचं. तो थांबायचा. मग ते हळूहळू पारदर्शक व्हायचं, बुडबुडे जड व्हायचे, फटाफट फुटायच्या ऐवजी एकेक वर येऊन सावकाश फुटायचे. ते दिसलं की तो आच कमी करून अंडं सोडायचा. त्याआधी कधीही नाही. कितीही गर्दी असो, तेवढी वाट तो पाहायचाच.

तो ज्याची वाट पाहायचा ते असं असतं. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. (दुकानातून आणताना पांढरंशुभ्र, हाताला कुरकुरणारं आण. पिवळं मक्याचं पीठ भाकरीचं, ते इथे चालत नाही.) थंड पाण्यात त्याचे कण विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, म्हणून वाटी थोडा वेळ ठेवली की सगळं तळाशी बसतं. पाणी साधारण ६२ ते ७२ अंशांवर गेलं की हे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, आणि पूर्ण दाटपणा यायला उकळी लागते. एकदा सुपाला असं अंग आलं की वरून सोडलेलं अंडं तळाशी जात नाही, जिथे पडेल तिथेच धरून राहतं. शिवाय स्टार्च अंड्यातल्या प्रथिनांच्या मध्ये येतो, त्यामुळे ती एकमेकांना घट्ट आवळत नाहीत आणि अंडं मऊ राहतं. नुसत्या पाण्यात अंडं सोडलं तर त्याचा भुगा होतो. तुझ्या डब्यातला चोथा बहुधा असाच झालेला असतो, किंवा मग खळखळत्या उकळीत अंडं ओतलेलं असतं.

आता पाण्याबद्दल, कारण चव तिथेच आहे. जो चिकनवाला बोनलेस विकतो त्याच्याकडे पाठीची हाडं, माना, पंखांची टोकं उरतातच, स्वस्तात देतो. अर्धा किलो घे. धुऊन मोठ्या गंजात टाक, दीड लिटर थंड पाणी घाल आणि मध्यम आचेवर ठेव. उकळी यायच्या बेतात वर करडा फेस जमतो. तो झाऱ्याने काढत राहा, पाच-सात मिनिटं तिथून हलू नकोस. हा फेस राहिला तर सूप गढूळ होतं आणि त्याला उग्र वास राहतो. फेस यायचा थांबला की अद्रकाचा अंगठ्याएवढा तुकडा ठेचून टाक, पातीच्या कांद्याचे पांढरे बुडखे टाक, आणि आच इतकी कमी कर की पाणी फक्त कडेला हललं पाहिजे. दीड तास. झाकण अर्धवट.

यात हळद-मसाला काही नाही, लसूणही नाही. आपण सावजी रश्श्यावर वाढलेली माणसं, तर्रीशिवाय रस्सा म्हणजे आपल्याला अपुरा वाटतो, हे मला माहीत आहे. पण थोडं धीराने घे. गाळून घेतलेलं हे पाणी नुसतं मीठ घालून चाखून बघ, कोंबडीची स्वतःची चव किती गोड असते ते कळेल. फ्रीजमध्ये ठेवलंस की रात्रभरात ते जेलीसारखं थरथरतं. ते हाडांतलं जिलेटिन. गरम केलं की पुन्हा पातळ होतं आणि ओठांना किंचित चिकटतं. पाकिटातल्या चिकन क्यूबने ही गोष्ट येत नाही, आणि त्यात मीठ इतकं असतं की काकांसाठी मी ते सुचवणारच नाही.

वेळ नसेल तर कुकर लाव, पण फेस काढल्यावरच झाकण लाव, आणि वाफ आपोआप जिरू दे. एकदाच जास्त करून वाटी-वाटीच्या डब्यांत बर्फाच्या कप्प्यात ठेवलंस तर रोजचं काम दहा मिनिटांचं उरतं. वहिनींचा उपवास असेल किंवा घरात सामिष नको असेल त्या दिवशी पत्तागोबीची बाहेरची पानं, गाजर, मशरूमचे देठ आणि अद्रक पाऊण तास उकळ. चव वेगळी येते, पण चांगली येते, विशेषतः मशरूममुळे. त्या दिवशी अंड्याऐवजी कुस्करलेला स्वीटकॉर्न.

चौघांचं माप सांगतो. एक लिटर चिकनचं पाणी, ३ अंडी, ३ सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर (साधारण २५ ग्रॅम) पाऊण वाटी थंड पाण्यात कालवलेलं, अर्धा छोटा चमचा मीठ, पाव चमचा पांढरी मिरपूड. पिवळेपणा हवा असेल तर हळद नखावर मावेल इतकीच. हॉटेलातलं पिवळं सूप बहुधा रंगाने किंवा हळदीने पिवळं असतं. अंडी एका मगमध्ये फोड, त्यात एक चमचा पाणी घाल आणि काट्याने फेटून घे, पण फेस नको, फक्त पांढरं-पिवळं एक होऊ दे.

पाणी चांगलं उकळलं की मीठ-मिरपूड घाल. कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असणार, ते पुन्हा ढवळ आणि पाऊण भाग धार धरून ओत. डाव फिरता ठेव. मिनिटभर उकळू दे. दाटपणा बघून मग उरलेलं घालायचं की नाही ते ठरव. ठेल्यापेक्षा थोडं पातळ असतानाच थांब, कारण वाटीत निवलं की ते आणखी आळतं.

आता गॅस अगदी बारीक. खळखळ थांबली पाहिजे, वाफ मात्र भरपूर हवी. डावाने सूप एकाच दिशेने सावकाश फिरव, आणि दुसऱ्या हाताने मगमधलं अंडं काट्याच्या दातांवरून, वीतभर उंचीवरून, बारीक धारेने सोड. धार पडते तिथे आधी पिवळी रेघ दिसते. मग फिरत्या सुपाबरोबर ती लांबते, पातळ होते आणि बघता बघता तिच्या कडा पांढुरक्या होऊन मागे जाळीदार पदर सुटतो. सगळं अंडं गेलं की गॅस बंद, हात बंद. पंधरा सेकंद काही करायचं नाही. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंशांच्या आसपास धरायला लागतो, पिवळा ६५ ते ७० ला, म्हणजे सुपातली उष्णता पुरेशी आहे. मग एकदाच डाव खालून वर आण. जोरात फिरवलंस तर बारीक धागे होतात, हळू फिरवलंस तर मोठ्या पाकळ्या. काकांना चावायचा त्रास असेल तर बारीक धागेच कर. वरून पातीची हिरवी बारीक चिरून. सांबार (कोथिंबीर) घालू नकोस, त्याचा वास या सुपाला दाबून टाकतो.

पांढऱ्या मिरीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नकोस. तीच मिरी, त्याच वेलीची. पिकल्यावर भिजवून साल काढलेली. काळ्या मिरीचा झणका सालीत असतो, पांढरीचा तिखटपणा घशाशी जाऊन ऊब देतो. इथे मी इतवारीतून दाणे आणतो आणि लागेल तशी कुटतो. कुटून ठेवलेलीला कुबट वास येतो. आणि लाल मिरची अजिबात नाही, भिवापुरीसुद्धा नाही. चीनमध्ये मिरची पोचली तीच सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मूळ अमेरिका खंडातली. त्याआधी तिखटपणासाठी अद्रक, मिरी असंच काही होतं, आणि आजही त्यांच्या आंबट-तिखट सुपात तिखटपणा येतो तो मुख्यतः पांढऱ्या मिरीचा. ते सूपही याच पाण्यावर होतं: मशरूम आणि पनीरसारखं कापलेलं टोफू घालायचं, थोडा सोया सॉस, आणि व्हिनेगर गॅस बंद केल्यावर. आधी घातलं तर वास उडून जातो आणि आंबटपणाने कॉर्नफ्लोअरचा दाटपणाही सुटत जातो.

मिठाचं वेगळं लिहितो, कारण काकांना बीपीची गोळी सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच जवळपास ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. वर सांगितलेल्या मापातल्या मिठाचं वाटीला सुमारे ३०० पडतं. अजिनोमोटोची तू भीती बोलून दाखवलीस. ती चव देणारं ग्लुटामेट १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री वनस्पतीच्या सारातून वेगळं काढलं, आणि तेच टोमॅटोत, मशरूममध्येही असतं. मिठाच्या तुलनेत अजिनोमोटोत सोडियम एक तृतीयांशाहून कमी. मला त्याचं भय वाटत नाही; पण हाडांचं पाणी चांगलं उतरलं असेल तर त्याची गरजच पडत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. काकांचा चाखून झालेला चमचा पुन्हा गंजात बुडवू नकोस. लाळेत स्टार्च तोडणारा घटक असतो; उरलेलं सूप तासाभरात पाणी होतं आणि आपल्याला वाटतं कॉर्नफ्लोअर खराब निघालं. दुसरं, पाणी किंवा चहा पिताना त्यांना ठसका लागतो असं तू ओझरतं म्हणालास. दाट सूप त्यांना सोपं जात असेल तर ते त्यामुळेही असू शकतं. ते डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि तोवर त्यांना उशीला टेकवून नको, सरळ बसवून पाज.

हे सूप करायचं आणि लगेच प्यायचं. काका जेवायला बसले की अंडं फेटायला घे, ते आधी नको. गरम केलेलं पाणी आणि कालवलेलं कॉर्नफ्लोअर तयार असलं तर त्यांच्या समोर वाटी यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाहेरून आणलेल्या डब्याला हे कधीच जमणार नाही, तो स्वयंपाकी कितीही चांगला असला तरी.

पांढरी मिरी तुझ्याकडे चांगली मिळाली नाही तर कळव, इथून पावशेर पाठवतो. काकांना माझा नमस्कार सांग, आणि ते किती प्यायले ते मला लिही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अशोक