बालवाडीच्या ताईंना, एका पालकाकडून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना आपल्याकडे आली, ती आधीच्या शाळेचा ‘एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही’ हा शेरा घेऊनच. तो शेरा मी खरा मानला होता आणि तिला रोज अर्धा तास पाटीसमोर बसवण्याच्या हट्टापायी आम्हां दोघींच्या कितीतरी संध्याकाळी रडण्या-रागावण्यात घालवल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात आपण मला वर्गाच्या दाराशी बसू दिलेत. चटईवर बसून ती एका वाटीतली चवळी चमच्याने दुसऱ्या वाटीत टाकत होती. दाणे सांडले की चमचा खाली ठेवून एकेक वेचायचा, वाटी रिकामी झाली की पुन्हा उलट भरायची. शेजारी दोन मुले भांडत होती, तरी तिने मान वळवली नाही. मला राहवले नाही, मी ‘शाब्बास!’ म्हणाले. ती दचकली, चमचा तिथेच टाकून माझ्याकडे धावत आली आणि त्या दिवशी पुन्हा त्या वाट्यांकडे वळली नाही. आपण रागावला नाहीत. शाळा सुटल्यावर एवढेच म्हणालात, “कौतुकानंसुद्धा तंद्री मोडते हो. तिचं काम तिला संपवू द्या.”

पुढे आपणच सांगितलेत, की रोममध्ये 1907 साली सुरू केलेल्या ‘बालगृह’ या लहान मुलांच्या शाळेच्या सुरुवातीच्या काळात इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी साधारण तीन वर्षांच्या एका मुलीला लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवताना पाहिले. इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिने तेच काम चाळीसहून अधिक वेळा केले आणि मग आपणहून थांबली. एकाग्रता ही आज्ञा देऊन आणता येत नाही, हाताला आवडीचे आणि बेताचे अवघड काम मिळाले की ती आपोआप जमते, हे मला त्या गोष्टीतून उमगले. त्यासाठी महागडी साधने लागतात ही माझी समजूतही आपण दूर केलीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांवर बालवाड्या चालवल्या, हे आपण किती अभिमानाने सांगितले होतेत!

मला सर्वांत जड गेले ते गप्प बसणे. ती बटणे लावत असताना उशीर होतो म्हणून माझे हात आपोआप पुढे जात. ते मागे घ्यायला मला काही महिने लागले. आता सकाळी आम्ही दहा मिनिटे आधी उठतो.

काल ती मटार सोलत बसली होती. जेवण तयार होते, पण मी हाक मारली नाही. शेवटची शेंग झाल्यावर टरफले गोळा करून ती स्वतःच पानावर आली, आणि मला आपली फार आठवण झाली. ताई, मनापासून आभार.

आपली नम्र,
एक आई