घेतलं असेल तर वीस दिवसांत सांगा, आणि कोणी दिलं तेही सांगा

मा. संपादक साहेब, स. न.

आपल्याकडे कुठलाही खेळाडू डोपिंगमध्ये सापडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेलं असतं, कोणीतरी षड्यंत्र केलं नाहीतर सप्लिमेंटमध्ये भेसळ होती, आणि आम्ही शेवटपर्यंत लढणार. लढा की, पण कशासाठी लढताय ते तरी बघा.

नरसिंग यादवचं २०१६ चं प्रकरण आम्हा कुस्तीवाल्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मारून ७४ किलोचा रिओ ऑलिंपिकचा कोटा आणलेला, त्यावरून सुशीलकुमार कोर्टात गेला ते महाभारत वेगळंच, आणि ऐन तोंडावर सॅम्पलमध्ये मेथँडिनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. तो म्हणाला माझ्या खाण्यापिण्यात कालवलं, नाडाने (आपली राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) १ ऑगस्टला त्याला सोडलं, इकडे सगळे खुश, मग वाडा (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात गेली आणि १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, थेट चार वर्षांची बंदी. लवादाला घातपाताचा पुरावा पटला नाही. नरसिंगने कधी कबूल केलेलं नाही आणि मीही इथे त्याचा न्याय करायला बसलो नाहीये, पण तेव्हा निम्म्या लोकांना हेच कळत नव्हतं की या खटल्यात उलटं असतं. तुमच्या लघवीत सापडलं ना, मग ते आत कसं गेलं हे तुम्हीच दाखवायचं, समोरच्याने नाही. नुसतं कोणाचं तरी नाव घेऊन भागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, ज्याने खरंच घेतलंय त्याने लढायच्या भानगडीत पडू नये. २०२१ पासून वाडाच्या नियमात सोय आहे की जिथे चार वर्षं किंवा जास्त बंदी लागणार तिथे आरोपाची नोटीस आल्यापासून वीस दिवसांत कबूल करून शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. पैलवानाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे काय हे तालमीत कोणालाही विचारा. पण आपल्याकडे ही वीस दिवसांची गोष्ट पोराला सांगतो कोण? वकील तर नक्कीच नाही 😄

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे सायकलवाला फ्लॉइड लँडिस. २००६ ची टूर द फ्रान्स जिंकला, टेस्टोस्टेरॉन सापडलं, तर या बाबाने लोकांकडून वर्गणी काढून केस लढवली, २००७ ला हरला, २००८ ला लवादातही हरला, आणि २०१० मध्ये म्हणतो, हो मी वर्षानुवर्षं घेत होतो (२००६ चं टेस्टोस्टेरॉन मात्र तेव्हाही नाकारलंच, हे आणखी एक). पुढे २०१२ मध्ये देणगीदारांचे पावणेपाच लाख डॉलरच्या वर पैसे परत करायचं त्याला मान्य करावं लागलं. विचार करा, लोकांनी खिशातून दिलेले पैसे, आणि ते एका खोट्यासाठी.

पण त्याच लँडिसने तोंड उघडलं म्हणून पुढे त्याचा जुना साथीदार सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग सापडला, हेही तितकंच खरं. इतक्या टेस्ट देऊन कधी पॉझिटिव्ह आलो नाही असं जो मिरवत होता त्याच्या सात टूर्स २०१२ मध्ये गेल्या, त्या टेस्टमुळे नाही, तर ११ जुन्या साथीदारांनी साक्ष दिली म्हणून. त्यातले जे अजून खेळत होते त्यांनाही बंदी झालीच पण सहा-सहा महिन्यांची, आर्मस्ट्राँगला आजन्म. आपल्याकडे मला नेमकं हेच कुठे दिसत नाही. कबुली म्हणजे "माझ्याकडून चूक झाली" एवढंच असेल तर ती अर्धीच झाली, गोळी दिली कोणी, इंजेक्शन टोचलं कोणी, खुराक लिहून दिला कोणी हे आलं पाहिजे. अशी मदत करणाऱ्याची शिक्षा आणखी कमी व्हायची तरतूद नियमात आहे.

आता कोणी म्हणेल मग निर्दोष असेल त्याने काय करायचं. त्याने लढायचंच. वेटलिफ्टर संजिता चानूला २०१८ मध्ये निलंबित केलं, नोटिशीतले सॅम्पलचे नंबरच जुळत नव्हते, २०२० मध्ये आरोप मागे घेतले, तोवर तिची उमेदीची दोन वर्षं गेली. ती पुढे दुसऱ्या प्रकरणात सापडली म्हणून आधीचा अन्याय कमी होत नाही. टेनिसपटू सिमोना हालेपने चार वर्षांची बंदी लवादात नऊ महिन्यांवर आणली, पण तिच्याकडे लॅबवाले, वकील लावायला पैसा होता. आपल्या जिल्ह्यातल्या पोराकडे बी सॅम्पलची (त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बाटलीच्या फेरतपासणीची) फी भरायची पण मारामार.

आणि कबुलीतही आपल्याकडे मोठा-छोटा आहेच. पृथ्वी शॉने २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातून बंदी असलेलं टर्ब्युटालिन गेलं हे मान्य केलं, क्रिकेट बोर्डाने आठ महिन्यांची बंदी दिली ती मागच्या तारखेपासून, म्हणजे जाहीर झाली जुलैअखेर आणि संपली १५ नोव्हेंबरला, मधल्या काळात तो आयपीएल खेळूनही झालेला!! एखाद्या भालाफेकवाल्याला बोर्ड कुठून मिळणार. त्याने कबूल केलं की स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी धोक्यात, गावात तोंड दाखवायची सोय नाही, वस्ताद हात वर करून मोकळा. मग तो खोटं नाही बोलणार तर काय करणार?

२०२३ च्या वाडाच्या आकड्यांत भारताचे ५६०६ नमुने आणि २१३ पॉझिटिव्ह होते. हे २१३ काय सगळे स्वतः मेडिकलमध्ये जाऊन हुशारीने औषधं निवडून आले का? तुमच्या क्रीडा पानावर खेळाडूचा फोटो येतो, वय, गाव, मेडल सगळं येतं. पुढच्या वेळी त्याच्या कोचला फोन लावा, याचा खुराक कोण बघत होतं आणि कॅम्पमध्ये डॉक्टर कोण होता ते विचारा, आणि तो जे उत्तर देईल ते, फोन कट केला तर तेही, बातमीतच छापा.

आपला,
एक कुस्तीशौकीन वाचक, कोल्हापूर