योगशिक्षकांनी आधी स्वतःचा वर्ग ऐकावा

मा. संपादक,
स. न.

२१ जून जवळ आला की योगवर्गांच्या जाहिराती वाढतात आणि त्यांत शिक्षकाची प्रमाणपत्रं ठळक छापलेली असतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेत समोर परीक्षक बसलेला असतो. पुढे रोजच्या वर्गात मात्र शिक्षकाची चूक दाखवणारं कुणीच नसतं. साधक 'छान वाटलं' म्हणून घरी जातात. ते खोटं बोलत नाहीत; तासभर हालचाल आणि शेवटी शवासन झालं की बरं वाटतंच, शिकवणं कसंही असो.

यावर उपाय सोपा आहे, फक्त थोडा लाजवणारा. महिन्यातून एकदा, साधकांना आधी विचारून, मोबाइल वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवावा आणि नुसता आवाज मुद्रित करावा. चित्रीकरण केलं की आपण आपलंच आसन न्याहाळत बसतो. मागचा कोपरा अशासाठी, की शेवटच्या रांगेला काय ऐकू जातं ते कळावं. पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, दाखवता दाखवता बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याच पायांत जिरतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला वर्ग दिसत नसतो. आधी न बोलता दाखवावं, मग उठून वर्गात फिरत सांगावं. पूर्ण तास ऐकायचा हट्ट नको, दुसऱ्याच महिन्यात कंटाळा येतो. मधली दहा आणि शेवटची दहा मिनिटं पुरेत.

ऐकताना हाताशी घड्याळ हवं. आधी उजवी-डावी बाजू मोजावी. त्रिकोणासनाचं सगळं स्पष्टीकरण बहुधा उजवीकडे वाकलेल्या साधकांना ऐकवलं जातं. तिकडे ते पाऊण मिनिट ताटकळतात आणि 'आता दुसरीकडून' म्हटल्यावर पंधरा सेकंदांत मोकळे होतात. सुरुवात रोज उजवीकडूनच, त्यामुळे हा फरक वर्षभर साठत जातो. सांगायचं ते साधक ताठ उभे असतानाच सांगून टाकावं, दोन्ही बाजू पाच-पाच श्वास धराव्यात आणि एक दिवसाआड डावीकडून सुरू करावं.

श्वासाचंही तेच. निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला तीन ते पाच सेकंद. मुद्रणात 'श्वास घ्या, सोडा' दोन सेकंदांत उरकत असेल, तर साधक एक तर धापा टाकताहेत किंवा श्वास रोखून बसलेत.

सर्वात जास्त लक्ष द्यावं ते आसन सोडण्याकडे. खांद्यांवर भार देऊन पाय वर उभे करायच्या सर्वांगासनात जाण्यासाठी आठ वाक्यं असतात, बाहेर येण्यासाठी एकच शब्द: 'सोडा'. मग पाय धाडकन आपटतात, डोकं उचललं जातं आणि मानेला हिसका बसतो. उतरण्याची सूचनाही तितकीच सविस्तर हवी. पाय थोडे डोक्याकडे झुकवा, हातांनी पाठ सावरत एकेक मणका जमिनीवर टेकवा, डोकं उचलू नका, पाय सर्वांत शेवटी. आणि मुळात उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी हे आसन करू नये, हे वाक्य मुद्रणात आहे का? 'पहिल्याच दिवशी सांगितलं होतं' हे उत्तर चालणार नाही.

एकच सूचना तीनदा ऐकू आली तर दोष वर्गाचा नाही, सूचनेचा. त्रिकोणासनात 'छाती उघडा' म्हणजे नेमकं काय करायचं, हे नव्या माणसाला कळत नाही. 'पाठीमागे भिंत आहे असं समजा, वरचा खांदा तिला टेकवा' हे कळतं. जमिनीला हात लावण्याच्या नादात गुडघा वाकत असेल तर हात नडगीवर किंवा विटेवर ठेवायला सांगावं. कोणाची नावं घेतली जातात तेही मोजावं; बहुतेकदा सर्वांत लवचीक आणि सर्वांत ताठर अशा दोघांचीच. मधले सगळे निनावी.

शवासन सात मिनिटांचं ठरलेलं आणि मुद्रणात दोनच मिनिटं भरलं, तर आखणी शेवटाकडून करावी. सातला वर्ग संपायचा असेल तर सहा अठ्ठेचाळीसला नवं आसन बंद.

सापडलेल्या चुकांपैकी महिन्याला एकच दुरुस्त करावी आणि पुढच्या महिन्यात त्याच आसनाचं मुद्रण पुन्हा ऐकावं. साधकांनाही 'कसं वाटलं' न विचारता 'आज कुठे श्वास अडला' असं निनावी चिठ्ठीवर विचारावं. मोजून पाहण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी यौगिक क्रिया क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने तपासल्या होत्या. आपल्याला तर फक्त फोन लागतो.

ज्या संस्थेत दोन-तीन शिक्षक आहेत, तिथे महिन्यातून एकदा एकाने दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या रांगेत चटई टाकून साधक म्हणून बसावं. टिपणं त्या शिक्षकालाच द्यावीत, संचालकांकडे जाऊ नयेत. नाहीतर पुढच्या खेपेला त्यांत फक्त 'छान' लिहिलेलं सापडेल.

– एक योगशिक्षिका, ठाणे