नाखवा, तुमची होडी आम्हाला विकली नाहीत म्हणून

नाखवा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची सून तुम्हाला वाचून दाखवेल, तसं माझं तिच्याशी ठरलंय. समोर उभं राहून आभार मानायला लागले की तुम्ही "बस्स झाला" म्हणून जाळ्याकडे वळता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

मागच्या दिवाळीनंतरच्या त्या रविवारी मी आणि बाबा नवी मुंबईत सारसोळ्याच्या जेट्टीवर आलो ते तुमची होडी विकत घ्यायलाच. पैसेही सोबत होते. बाबांनी एकतीस वर्षं औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत पाळ्यांमध्ये काम केलं. लहानपणी खाडीत गळ टाकून बसायचे, ते निवृत्तीनंतर पुन्हा करायचं एवढीच त्यांची हौस. पण २०२३ मध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा एका ओळखीच्यांच्या होडीत चढताना त्यांनी काठावर पाय दिला, होडी कलली आणि बाबा कमरेपर्यंत चिखलात गेले. लागलं काही नाही, चप्पल तेवढी गेली. पण पुढचे चार महिने त्यांनी खाडीचं नाव काढलं नाही. मला ते चिखलापेक्षा जास्त लागलं.

तुमची होडी पाहून त्यांचे डोळे चमकले होते. लांब, निमुळती, टोकदार नाळ म्हणजे पुढचं टोक, खालून धारेची. कुणालाही आवडेल अशी. तुम्ही किंमत सांगितलीच नाहीत. बाबांना पायरीवर उभं केलंत आणि म्हणालात, "उजवा पाय उचला. कशाला धरायचं नाय." मग कमरेची दोरी काढून जमिनीपासून त्यांच्या तळव्यापर्यंत मोजलीत आणि गाठ मारलीत. जेमतेम दीड वीत. मग त्यांना उंचावरून खाली पाय टाकायला लावलंत आणि दुसरी गाठ मारलीत. ती आणखी आखूड निघाली. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त कुरकुरतो, हे आमच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनीही सांगितलं होतं. पण ते होडीला लावून बघायचं मला सुचलं नव्हतं.

मग तुम्ही ती दोरी स्वतःच्याच होडीला लावलीत. पायरीपासून काठ पहिल्या गाठीच्या वर, आणि काठापासून आतला तळ दुसऱ्या गाठीच्या कितीतरी खाली. "ही तुमची नाय," म्हणालात आणि विषय संपवलात. बाबा थोडे रुसले. मला तर वाटलं, याला विकायचीच नसेल. (माफ करा. वाटलं ते लिहिलं.)

पुढचे तीन रविवार तुम्ही ती दोरी घेऊन आमच्याबरोबर फिरलात, ते कशासाठी, मला अजून कळलेलं नाही. दिवाळे गावाला तर दोनदा आलात. प्रत्येक होडी पाण्यात असतानाच बघायची, ओढून वर ठेवलेली नाही, हा तुमचा हट्ट. दोन्ही टोकं बांधायची आणि तुम्ही स्वतः एका काठावर उभं राहायचं. काठ किती खाली जातो ते तुम्ही बोटांनी मोजायचात. एक होडी पाण्याला टेकेपर्यंत कलली, तेव्हा विकणारा म्हणाला, "पाण्यात चालायला लागली की स्थिर होते." तुम्ही हसलात आणि मला म्हणालात, "पोरी, तुझा बापूस चालत्या होडीत चढणार हाय काय?"

तेच वाक्य डोक्यात बसलं. आम्ही तोपर्यंत होडी कशी पळते, लाट कशी कापते, एवढंच बघत होतो. खालून धारेची होडी लाटेत मऊ चालते, पण उभी असताना डुलते. सपाट तळाची चालताना आपटते, पण पाय ठेवला तर जागची हलत नाही. शिवाय गुडघेवाल्या माणसाची आणखी एक अडचण तुम्हीच दाखवलीत. होडीला बसणारा माणूस खाली हवा, म्हणजे तोल राहतो. पण बाबांना खाली बसवलं तर उठताच येत नाही, त्यांना फळी गुडघ्याच्या उंचीचीच हवी. माणूस उंच बसवायचा तर होडी रुंद हवी, दुसरा इलाज नाही.

किती रुंद, यावर आपला वाद झाला होता, आठवतं? मी म्हणत होते चार फूट आणि पाच फूट यात असा काय फरक. तुम्ही "दुप्पट" म्हणालात. मी आठवीला गणित शिकवते, म्हणून घरी येऊन कागद घेतला. वजन आणि लांबी तीच ठेवली, तर होडीचा कलण्याला होणारा विरोध साधारण रुंदीच्या घनाने वाढतो. चाराचा घन ६४, पाचाचा १२५. तुम्ही शाळेत किती शिकलात ते मी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात घनाचं उदाहरण म्हणून तुमची होडी फळ्यावर काढली. चित्र वाईट आलं.

शेवटी दिवाळे गावात मिळालेली ही फायबरची, पुढून बोथट, पाच फूट रुंद, मोठ्या बोटीपर्यंत जाळी नेण्या-आणण्यासाठी वापरलेली. तुम्ही काठावर उभे राहिलात, काठ चार बोटं खाली गेला आणि तिथंच थांबला. दोन्ही गाठी बसल्या. बाबा बघून म्हणाले, "ही होडी कुठली, हा तर पाट आहे." जेवायला बसायच्या पाटावरून कोण पडलंय कधी, असं तुम्ही विचारलंत आणि सौदा झाला. वल्हवायला ती जड आहे, वारा असला की थपाथप आपटते, दोन्ही तक्रारी बाबा मला रोज ऐकवतात. काठ बुटका म्हणून बेलापूरच्या पुढे घारापुरीकडे न्यायची नाही, ही तुमची अट मात्र पाळतात. वर वाशी पुलापलीकडे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडेही जात नाही. त्यांना पुरेल एवढी खाडी मधे आहे.

बाकीचं तुम्ही शिकवलेलं सगळं चालू आहे. पाय काठावर नाही, मधोमध. मी आधी पलीकडच्या बाजूला जाऊन बसते, मग ते येतात. तळाला काथ्याची चटई, कारण चिखलाच्या पायाने फायबर साबणासारखं निसरडं होतं. तळात साचलेलं पाणी आधी उपसायचं, ते एका बाजूला धावलं की होडीही त्याच्यामागे जाते. लाइफ जॅकेट बाबा घालतात. तुम्ही घालत नाही, हे मी पाहिलंय, आणि ते या पत्रात लिहिणार हे सूनबाईंना आधीच सांगितलंय.

आणि तिथी. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, खाडीत आत थोडी उशिरा, हे आजोबांकडून ऐकलं होतं, पण त्याचा गुडघ्याशी संबंध तुम्ही लावलात. पुनवेला-अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दोन तास उशीर झाला की परत येईपर्यंत होडी खाली आणि पायऱ्यांवर शेवाळ. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, भरती सकाळी सहा-पावणेसातला आणि चढउतार निम्म्याहून कमी. ज्या पायरीवरून चढलो, तिच्याच आसपास परत उतरायचं. बाबांचं कॅलेंडर आता या दिवसांनी लाल झालंय. बाजूच्या काकूंना वाटतं कसले तरी उपास धरलेत.

मासे फार मिळत नाहीत. बोय, शिंगाळे, एकदा छोटा जिताडा. तो त्यांनी कुणालाच दिला नाही, तुम्हालासुद्धा, याची त्यांना लाज वाटते, म्हणून मीच सांगून टाकते.

दोन गाठींची दोरी तुम्ही परत मागितली नाहीत. आमच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे. परवा बाबांनी तिच्याशी पाय लावून पाहिला आणि मला हाक मारली. पहिल्या गाठीच्या दोन बोटं वर जातो आता.

येत्या अष्टमीला सहाला जेट्टीवर येतोय. चहा तुमच्याकडे, भाकरी-सुकट मी आणते.

तुमची,
सारसोळ्याच्या पाटवाल्यांची मुलगी