सॉफ्टवेअरलाही मेजरमेंट बुक लावा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका निमसरकारी कार्यालयातून मी लेखापाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या अखेरीस आमच्याकडे पाणीपट्टीचे नवे सॉफ्टवेअर आले. निविदेसोबत गरजांचे एकशे ऐंशी पानी बाड होते. ते तयार व्हायला आठ महिने लागले आणि मीटर वाचणाऱ्या माणसाला त्यातले एक पानही कुणी दाखवले नाही. सर्वांत कमी दरवाला ठरला. दीड वर्षाने प्रणाली पहिल्यांदा आमच्या नजरेस पडली.

मधल्या काळात २०१९चा महापूर येऊन गेला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी चढले ५७ फुटांच्या वर. बुडालेल्या घरांची बिले थांबवून ठेवायची होती; त्याची सोय बाडात नव्हती. ठेकेदार म्हणाला, स्कोपबाहेरचे, म्हणजे करारात नसलेले काम आहे, वेगळे पैसे पडतील. फाइलवर ‘लेखा आक्षेप येईल’, म्हणजे जादा पैसे दिले तर तपासणीत हरकत निघेल, हा शेरा पडला. शेरा माझाच. मी निवृत्त होईपर्यंत दोन कारकून ती बिले वहीत लिहीत होते.

भाचा हिंजवडीत प्रोग्रामर आहे. तो म्हणाला, ‘मामा, आम्ही दर पंधरा दिवसांनी चालतं काम गिऱ्हाइकाला दाखवतो. पुढं काय करायचं ते तो बघून ठरवतो.’ याला अजाइल म्हणतात. २००१ साली अमेरिकेत सतरा जणांनी त्याचा जाहीरनामा लिहिला; करारावरच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेऊन काम करणे त्यात वरचे मानले आहे. हे ऐकून माझ्यातला लेखापाल आधी चिडलाच. करार ढिला म्हणजे चरायला कुरण!

मग बांधकाम खात्याची बी-२ निविदा आठवली. तिच्यात बाबनिहाय दर ठरतो, परिमाणे अंदाजाची असतात. आपल्याकडे पाया खणताना काळी माती लागली की खोली वाढतेच. वाढलेले काम मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप वहीत चढते आणि तेवढ्याचे चालू बिल निघते. म्हणजे अंदाज चुकणार हे धरून केलेला करार सरकारला नवा नाही. मग सॉफ्टवेअरलाच पहिल्या दिवशी सगळे माहीत असावे, हा हट्ट का?

तेव्हा ठेकेदाराच्या टीमचा महिन्याचा दर ठरवा, एकूण खर्चाला कमाल मर्यादा घाला. दर पंधरवड्याला काम तपासा. मात्र मोजताना स्क्रीन किती झाले ते मोजू नका. मीटर रीडरने आपल्या मोबाइलवर गल्लीतली दहा बिले काढून दाखवली की मगच पैसे सोडा. दोनदा काही चालले नाही तर करार थांबवायची मुभा ठेवा आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ प्रोग्राम, पहिल्या दिवसापासून कार्यालयाच्या ताब्यात घ्या, नाहीतर थांबवून उपयोग शून्य. कमी दराचीही सबब आता पूर्वीइतकी चालू नये. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामे आणि सल्लागारीखेरीजच्या सेवांतही, ठरावीक अटींवर, ठेकेदार निवडताना गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार द्यायची वाट मोकळी केली आहे.

अडचण आमच्या बाजूलाही आहे. दर पंधरा दिवसांनी ‘हे चालेल, हे नको’ असे जागेवर सांगणारा माणूस कार्यालयाने द्यावा लागतो. आमच्याकडे अशा बैठकीला कोण जायचे? ज्याचे टेबल त्या दिवशी रिकामे, तो.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
विश्रामबाग, सांगली