वाण्यांचं झाड

पुणे,
रविवार

प्रिय बंड्या,

वडाला इंग्रजीत 'बनियन' का म्हणतात, हा तुझ्या चिऊचा प्रश्न वाचला आणि मीही अडलो. दोन संध्याकाळी त्याच्यामागे गेल्या. हाती लागलं ते तुला कळवल्याशिवाय चैन पडेना.

बनियन म्हणजे आपला वाणी! संस्कृत 'वणिज्'वरून गुजराती 'वाणियो'. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'बनियान' झालं आणि इंग्रजांनी ते उचललं. म्हणजे शब्द माणसांचा. झाडाला तो चिकटला इराणच्या किनाऱ्यावर. आजच्या बंदर अब्बासला तेव्हा गोम्ब्रून म्हणत. सतराव्या शतकात आपल्याकडचे वाणी तिथे व्यापारासाठी राहत. जवळच्या एका मोठ्या वडाखाली त्यांनी लहानसं देऊळ बांधलं होतं. इंग्रज प्रवासी त्याला वाण्यांचं झाड म्हणू लागले, आणि त्या एका वडाचं नाव जगातल्या सगळ्या वडांना पडलं.

ते देऊळ माझ्या मनातून जात नाही रे. समुद्रापार, परक्या मुलखात, देव मांडायला त्यांना वडाचीच सावली सापडली.

आपल्या पूर्वजांनी मात्र झाड पाहून नाव दिलं. न्यग्रोध, म्हणजे खाली वाढणारा. काल टेकडीवरच्या वडाची एक कोवळी पारंबी हातात धरून पाहिली. वर सुतळीसारखी चिवट, टोकाशी पिवळसर, ओलसर, नखानेही दुखावेल इतकी मऊ. हेच टोक जमिनीला लागलं की त्याचा खांब होतो. मला न्यग्रोध हेच नाव जास्त खरं वाटतं.

चिऊला हेही सांग, की आपण अंगात घालतो ते बनियनही तिथूनच आलं. वाण्यांच्या सैल अंगरख्यावरून युरोपीय लोक घरात घालायच्या झग्याला बनियन म्हणत. तो शब्द फिरत फिरत आपल्या गंजीवर आला. इंग्रजांच्या आरमारात तर मांस न मिळणाऱ्या दिवसाला 'बनियन डे' म्हणत, कारण वाणी मांस खात नसत.

आणि मुंबईचा शेअर बाजार! 1850च्या दशकात टाउन हॉलसमोर वडाखालीच दलाल जमायचे. वाणी आणि वड इथेही एकत्र.

फाट्यावरचा आपला वड रस्ता रुंद करताना गेला, हे तुला मागेच लिहिलं होतं. परवा एसटीने गावी गेलो. पारही उरलेला नाही. पण कंडक्टरने "वडाचा थांबा" असंच ओरडून घंटी मारली, आणि चारजण उतरले.

तुझा,
दाद्या