थायलंडला जाणाऱ्यांनी बुरीरामही पाहावे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की सहल कंपन्यांच्या जाहिराती आपल्या वृत्तपत्रात दिसू लागतात आणि त्यांत थायलंड हमखास असते. बँकॉक, पट्टाया, फुकेत, मध्ये एखादे रत्नांचे दुकान आणि परतीचे विमान, हा क्रम छत्रपती संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंतच्या बहुतेक जाहिरातींत जवळजवळ शब्दशः सारखा असतो. त्या देशाच्या ईशान्येला इसान नावाचा भातशेतीचा, लहरी पावसाचा आणि पोटासाठी राजधानीकडे माणसे पाठवणारा प्रदेश आहे, याची या जाहिरातींना कल्पनाही नसावी. या इसानमधील बुरीराम हा प्रांत मी पाहून आलो. मराठवाड्यातील माणसाला थायलंडमध्ये सर्वांत जास्त काही पाहण्यासारखे असेल तर ते येथे आहे, असे माझे मत झाले आहे.

बुरीरामचे मुख्य आकर्षण म्हणजे फनोम रुंग हे शिवमंदिर. समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीच्या एका मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर, दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान खमेर, म्हणजे आजच्या कंबोडियातील, राजवटीत ते टप्प्याटप्प्याने उभे राहिले. मुख्य प्रासाद बाराव्या शतकातला असून तो अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याचा आप्त नरेंद्रादित्य याच्याशी जोडला जातो. आपल्याकडे लाव्ह्याचाच खडक कोरून वेरूळचे कैलास लेणे झाले. येथे ज्वालामुखीवर वालुकाश्म आणि जांभा चढवून मंदिर रचले गेले. पायथ्याकडून कमळकळीच्या आकाराचे दगडी खांब दोन्ही बाजूंना असलेला सुमारे १६० मीटरचा फरसबंद मार्ग, मग पाच फण्यांच्या नागांचे कठडे असलेला सेतू, मग पायऱ्या आणि त्यानंतर पूर्वद्वार, असे आपण वर जातो. दारावर नटराज, त्याखालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू, आत नंदी, गाभाऱ्यातून अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ, भिंतींवर रामायणातील प्रसंग. औंढा नागनाथच्या बाह्य भिंतीवरील शिल्पे किंवा आमच्या अंबाजोगाईचे यादवकालीन सकलेश्वर मंदिर ज्याने डोळसपणे पाहिले आहे, त्याला येथे मार्गदर्शकाची फारशी गरज पडत नाही. युरोपीय पर्यटक पुस्तकात बघून ओळखतात ते आपल्या घरातल्या आजीला सहज सांगता येईल.

शेषशायी विष्णूच्या त्या पट्टीची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकात ती मंदिरातून नाहीशी झाली आणि पुढे अमेरिकेत शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली. थायलंडमध्ये त्यावरून मोठे लोकमत उभे राहिले आणि १९८८ मध्ये ती परत येऊन आपल्या जागी बसली. त्याच वर्षी, १९७१ पासून चाललेले जीर्णोद्धाराचे काम पूर्ण होऊन हा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून खुला झाला. या कामात ढासळलेले दगड एकेक करून ओळखून, क्रमांक देऊन पुन्हा मूळ जागी रचण्याची पद्धत वापरली गेली. सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट यांचा मोह तेथे कोणाला झाला नाही, हे आपल्या अनेक देवस्थानांचे आजचे रूप पाहता मुद्दाम नोंदवावेसे वाटते. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथील मूर्ती २०२२ मध्ये चोरीस गेल्या आणि काही आठवड्यांत परत मिळाल्या, तेव्हा आपण जे अनुभवले, ते बुरीरामच्या लोकांनी कितीतरी वर्षे अनुभवले आहे. म्हणूनच त्या दारापाशी स्थानिक माणसे मान वर करून बराच वेळ उभी राहतात, असा माझा अंदाज आहे.

जाण्याचा काळ मात्र विचारपूर्वक निवडावा. मंदिराची पंधरा दारे एका रेषेत असल्यामुळे एप्रिलच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या काही दिवसांत उगवत्या सूर्याची किरणे आरपार जातात. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेच मावळत्या सूर्याचे होते. अर्थात आभाळ आले तर सारा बेत फसतो, आणि सप्टेंबर हा तिकडे ऐन पावसाचा महिना आहे. एप्रिलमध्ये डोंगरावर उत्सव भरतो, प्राचीन वेशातील मिरवणूक त्याच फरसबंद मार्गाने वर जाते आणि मंदिराच्या साक्षीने नृत्ये होतात. आपला वेरूळ महोत्सव एके काळी कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होत असे. तो शहरात आल्यापासून कलावंत मोठे असले तरी लेणे मात्र फलकावरच उरले आहे. एप्रिलच्या मध्यावर, १३ ते १५ तारखांना, सोंगक्रान हे थाई नववर्ष येते. ते मेष संक्रांतीचेच रूप असून वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेण्याची त्यातील रीत खेड्यांत अजून टिकून आहे. उन्हाचा त्रास ज्यांना सोसवत नाही त्यांनी नोव्हेंबर गाठावा. तेव्हा मून नदीवर सातुक येथे लांब होड्यांच्या शर्यती असतात, आणि लोय क्राथोंगला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, केळीच्या खोडाच्या होडग्यात दिवे लावून पाण्यावर सोडले जातात. आषाढी पौर्णिमेपासून भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच विहारात राहण्याचा काळ, सुरू होतो आणि पूर्वेकडच्या उबोन प्रांतात मेणाच्या भव्य शिल्पांची मिरवणूक निघते. २०२३ च्या आरंभी परभणीहून चैत्यभूमीपर्यंत चालत गेलेल्या थाई भिक्खूंचे स्वागत ज्या गावांनी केले, त्या गावांतील उपासक-उपासिकांना हा काळ अधिक जवळचा वाटेल.

फनोम रुंगच्या पायथ्याशी, काही किलोमीटरवर मुआंग ताम हे दुसरे मंदिर आहे. तेथे गर्दी नसते. विटांचे मनोरे, भोवती काटकोनी आकाराची चार कमळतळी, त्यांच्या काठांवर नागांची दगडी शरीरे, आणि जवळच खमेरांनी खोदलेला विस्तीर्ण तलाव, ज्याचे पाणी गाव आजही वापरते. पाण्याची व्यवस्था मंदिराबरोबरच आखलेली पाहून आपल्या बारवा आठवल्या, आणि त्यांतील किती आज कचऱ्याने भरल्या आहेत तेही.

निसर्गाची आवड असणाऱ्यांनी सारस पक्ष्यांसाठी एक सकाळ राखून ठेवावी. थायलंडच्या रानांतून हा पक्षी पूर्णपणे नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयात वाढवलेले सारस २०११ पासून बुरीरामच्या पाणथळ भागात सोडले गेले आणि ते आता भातखाचरांत घरटी करतात. ज्यांच्या शेतात सारस येतो त्या शेतकऱ्यांनी रसायने सोडून पिकवलेला तांदूळ सारसाच्या नावाने विकला जातो. जायकवाडीच्या काठी रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी आणि त्या काठच्या शेतकऱ्यांनीही या व्यवहाराकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. पैठणीच्या मुलखातील स्त्रियांना ना फो येथील रेशीम पाहण्यात रस वाटेल. ज्वालामुखीच्या मातीत रंगवलेले कापडही काही खेड्यांत मिळते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बँकॉकहून बुरीराम सुमारे ४०० किलोमीटर असून तेथे रेल्वेने किंवा विमानाने जाता येते. पुढे मंदिरांसाठी मात्र गाडी ठरवावी लागते, कारण ती शहराच्या दक्षिणेस बरीच दूर आहेत. विहारांत खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, आणि स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. शाकाहारी मंडळींना थोडे जड जाईल. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरे असलेली दुकाने शोधावीत, नाहीतर चिकट भात, फळे आणि बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी यांवर भागते. प्रांताची दक्षिण सीमा कंबोडियाला लागून आहे आणि २०२५ मध्ये त्या सीमेवर लढाई पेटली होती, त्यामुळे बेत पक्का करण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना अवश्य पाहाव्यात.

मराठवाड्यातील सहल कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे की पट्टायाचा एक मुक्काम आणि ते रत्नांचे दुकान वगळून दोन रात्री बुरीरामला द्याव्यात, आणि बरोबर मूर्तिशास्त्र जाणणारी एखादी व्यक्ती पाठवावी. आपल्या महाविद्यालयांतून अशी माणसे आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड